कोणी नवीन आहे का?

श्रावण पाळणाऱ्या माणसाला दारुडा म्हणायचं नाही, असा आमच्या घरात नियम होता आणि तो मीच केलेला होता. गटारीला मनसोक्त बसायचं, दुसऱ्या दिवसापासून बाटली बंद, ती थेट गणपती विसर्जनापर्यंत. एवढे दिवस सोडू शकतो म्हणजे कधीही सोडू शकतो, हे मी बायकोला, आईला, ऑफिसातल्या साहेबांना इतक्यांदा ऐकवलं की शेवटी मलाच ते पटलं. अडचण एवढीच की पुढेपुढे श्रावणातले पहिले दिवस जाता जाईनात. दाढी करताना हात थरथरायचे, दरदरून घाम यायचा, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. डोंबिवलीत पावसाळ्यात घरटी एकाला तरी ताप असतोच, त्यात तेही खपून जायचं.

उपाय झाले नाहीत असं नाही. आईनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. मेहुण्यांनी पंढरपूरला नेऊन गळ्यात माळ घातली. माळकऱ्यानं पिऊ नये म्हणून बसण्याआधी मी ती काढून शर्टाच्या खिशात ठेवत असे. चुलतभावानं व्हॉट्सॲपवर खराब लिव्हरचे फोटो पाठवले. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विल पॉवरवर अर्धा तास घेतला आणि त्याच आठवड्यात ऑफिसच्या पार्टीत स्वतःच्या हातानं पेग भरून दिला. सल्ला द्यायला आपल्याकडे कोणाला काही खर्च येत नाही. मी सगळ्यांचं ऐकायचो, मान हलवायचो, आणि त्या ऐकण्याचा शीण घालवायला पुन्हा बसायचो.

शेवटचा उपाय बायकोनं केला. रेल्वेलाइनच्या कडेला भिंतींवर ‘दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता’ अशा जाहिराती रंगवलेल्या असतात. त्यातल्या एका नंबरावरून तिनं पुड्या मागवल्या आणि आमटीतून घालायला सुरुवात केली. एका रात्री पिऊन आल्यावर जेवलो, आणि थोड्याच वेळात चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्यांवर उलट्या. मला हार्ट अटॅकच वाटला. आमचे फॅमिली डॉक्टर घरी आले. बायकोला स्वयंपाकघरात नेऊन त्यांनी दोनच प्रश्न विचारले आणि ती रडायला लागली. पुडीत नेमकं काय होतं ते कळायला मार्ग नव्हता, पण डॉक्टरांना डायसल्फिरामचा संशय होता. ते औषध पोटात असताना दारू गेली की असंच होतं, रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. म्हणून ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं, तपासण्या करून मगच द्यायचं असतं. “वहिनी, हे पुन्हा करू नका,” एवढं म्हणून ते माझ्याकडे वळले. मी भाषण ऐकायच्या तयारीत होतो. ते म्हणाले, “एएला जाऊन बघा. पैसे पडत नाहीत.” आणि बॅग उचलून गेले.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस. नाव ऐकून होतो. ते ख्रिस्ती लोकांचं, बांद्र्याच्या चर्चबिर्चमध्ये चालणारं काहीतरी, अशी समजूत होती. मोबाइलवर शोधलं तर भारतातल्या एएची वेबसाइट निघाली, त्यावर शहरवार मीटिंगांची माहिती आणि हेल्पलाइनचे नंबर. मराठी, हिंदी, इंग्रजी सगळ्या भाषांतल्या मीटिंगा, आणि माझ्या घरापासून चालत जाता येईल अशीही एक. शोधणं पाच मिनिटांचं काम निघालं. फोन लावायला मात्र बरेच दिवस गेले.

पलीकडून कोणी बाई गोड आवाजात ‘मी आपली काय मदत करू शकते’ म्हणेल असं वाटलं होतं. उचलला एका खरखरीत आवाजाच्या माणसानं. “बोला. मीपण अल्कोहोलिकच आहे.” मी चाचरत म्हटलं, जरा चौकशी करायची होती, एका मित्रासाठी. “मित्राला पिणं बंद करायचंय का?” हो म्हटलं. “मग मित्र मेंबर झाला. दुसरी अट नाही.” फॉर्म नाही, फी नाही, नाव-पत्ता नाही. नंतर कळलं की हे त्यांच्या परंपरांमध्येच लिहिलेलं आहे: सभासद व्हायला पिणं थांबवायची इच्छा पुरते.

मग त्यांनी विचारलं, मित्र रोज किती घेतो, न घेतल्यावर हात थरथरतात का, कधी फिट आलीय का. ‘मित्राबद्दल’ खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “मग एकदम बंद करू नका. आधी डॉक्टर, मग आम्ही.” हे मला नवीन होतं. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, माणूस दगावूही शकतो. श्रावणातल्या ज्या थरथरीला मी पावसाळी ताप म्हणत होतो ती हीच, आणि दरवर्षी ती थोडक्यात निभावली होती. डॉक्टरांनी काही दिवस गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करत आणल्या, थायमिनची, म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाची, इंजेक्शनं दिली, रोज संध्याकाळी दवाखान्यात येऊन बसायला सांगितलं. रोज भरपूर पिणाऱ्याला दारू सोडताना इच्छाशक्तीच्या आधी औषधाची गरज असते, हे घराघरात माहीत असायला हवं. आपल्याकडे तर पिणाऱ्याला खोलीत कोंडून घालतात आणि ‘उतरेल आपोआप’ म्हणतात.

घराजवळची मीटिंग मी बाद केली. सोसायटीतल्या कोणी पाहिलं तर? आता लिहिताना हसू येतं. झोकांड्या खात जिना चढताना त्याच सोसायटीनं मला वर्षानुवर्षं पाहिलं होतं, वॉचमननं कितीदा तरी चावी लावून दार उघडून दिलं होतं. पण दारू सोडताना कोणी बघू नये म्हणून मी फास्ट लोकल पकडून मुलुंड गाठलं.

मीटिंग एका शाळेत होती, संध्याकाळी. गेटसमोर चार-पाच जण सिगारेटी ओढत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसत उभे होते. इस्त्रीचे शर्ट, एकाच्या हातात लॅपटॉपची बॅग. हे पालक-शिक्षक संघाचे असणार असं समजून मी पुढे गेलो, टपरीवर चहा घेतला, परत आलो, पुन्हा पुढे गेलो. तिसऱ्या फेरीला त्यातला एक जण माझ्याकडे न बघताच म्हणाला, “पहिला मजला, चौथी ब. पंखा फक्त मागच्या बाजूचा चालतो.”

चौथी ब मधले बाक चौथीतल्या मुलांच्याच मापाचे होते. गुडघे आत मावेनात, तिरकं बसावं लागलं. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता, फळ्याच्या कोपऱ्यात सकाळचा सुविचार आणि पटसंख्या: मुलगे, मुली, एकूण, हजर. खिडकीच्या गजांना दोन कापडी फलक बांधलेले, एकावर बारा पायऱ्या, म्हणजे पिणाऱ्यानं सुधारायचा एएचा क्रम, दुसऱ्यावर बारा परंपरा, म्हणजे ग्रुप चालवायचे नियम. मास्तरांच्या टेबलावर स्टीलची किटली आणि एक जुनी वही. वीसेक माणसं असतील. एक रिक्षावाले त्यांच्या खाकी शर्टातच आलेले. बायका दोघीच.

सुरुवात प्रार्थनेनं झाली: जे बदलता येत नाही ते स्वीकारण्याची शांती, जे बदलता येईल ते बदलण्याचं धैर्य आणि दोन्हीतला फरक ओळखण्याची बुद्धी मागणारी ती. मग अजूनही पिऊन हाल भोगणाऱ्यांसाठी क्षणभर शांतता. मग एकानं चष्मा लावून एए म्हणजे काय ते वाचलं: कुठल्या धर्माशी, पक्षाशी, संस्थेशी संबंध नाही, वर्गणी नाही, कोणाची बाजू घेत नाही. मग चेअर करणाऱ्यानं विचारलं, “आज कोणी नवीन आहे का?”

मी पाढ्यांचा तक्ता वाचायला लागलो. सतरा एके सतरा. खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की नवीन कोण आहे, आणि एकही मान मागे वळली नाही. अशी गोष्ट ठरवल्याशिवाय घडत नाही. चेअर करणारा दोन सेकंद थांबला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

मग एकेक जण उठून बोलायला लागला. नाव, मी एक मद्यपी आहे, सगळे मिळून “हाय”, आणि मग स्वतःचं. काय बोलले ते मी लिहिणार नाही. इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं अशी तिथली रीत आहे आणि तीवरच तो डोलारा उभा आहे. एकच सांगतो, तेही ज्याचं त्याला विचारून. एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, मी क्वार्टर फ्लशच्या टाकीत लपवायचो, थंडही राहायची. एकदा प्लंबर आला आणि त्यानं ती बाहेर काढून माझ्या सासऱ्यांच्या हातात दिली. खोलीत हशा पिकला. मी हसलो नाही, कारण माझी जागाही तीच होती. कोणालाच सुचली नसेल अशी जागा, असं मला वाटायचं.

बोलणं झालं की “थँक यू” आणि पुढचा माणूस. आधीच्यानं काय सांगितलं त्यावर पुढचा काही बोलत नाही. ‘तुमचं इथे चुकलं’ नाही, ‘मी तुमच्या जागी असतो तर’ नाही, ‘योगा करा’ नाही. एकानं घर गेल्याचं सांगितलं, तरी कोणी च्यक् केलं नाही. आपल्या माणसांची सल्ले द्यायची सवय लक्षात घेता वीस मराठी माणसं एका खोलीत बसून कोणीही कोणाला उपदेश करत नाही, हे मला दारू सोडण्याइतकंच अशक्य वाटत आलं होतं. माझे खांदे कधी खाली आले ते कळलंच नाही. घरी, ऑफिसात, लग्नकार्यात, कोणी बोलायला लागलं की मी आतून दार लावून बसायचो. इथे कोणी दार वाजवतच नव्हतं.

पैशांचा डबा फिरला. मी पाकिटातून शंभराची नोट काढली तर शेजारच्या काकांनी डब्यावर हात ठेवला. “आज नाही. पहिल्यांदा आलेल्यानं टाकायचं नसतं.” संस्था, सरकार, कंपन्या, कोणाकडूनही हे लोक देणगी घेत नाहीत, खोलीचं भाडं, चहा, पुस्तकं सगळं त्या डब्यातून. निघताना त्याच काकांनी एका चिठ्ठीवर काही फोन नंबर लिहून दिले. आडनावं नाहीत, नुसती नावं. म्हणाले, “पहिल्या पेगच्या आधी फोन करा. नंतर केलात तरी आम्ही उचलू, पण तेव्हा तुम्ही ऐकणार नाही.” त्या संध्याकाळी मला मिळालेला सल्ला म्हणायचा तर एवढाच.

पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, हे न शिकवण्याचं वळण सुरुवातीपासूनचंच आहे. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस अमेरिकेतल्या ॲक्रन गावी धंद्याच्या कामाला गेला. काम फसलं. नुकतीच दारू सोडलेली, हॉटेलच्या लॉबीत एकटा, आणि शेजारी बार. त्यानं तिथल्या चर्चना फोन लावून आपल्यासारखाच कोणी दारुडा भेटेल का, अशी चौकशी केली. कोणाला सुधारायला नव्हे, स्वतः पिऊ नये म्हणून. त्यातून गाठ पडली बॉब स्मिथ या सर्जनशी. पंधरा मिनिटांत कटवू म्हणून बसलेला डॉक्टर तासन् तास बोलत राहिला, कारण समोरचा माणूस उपदेश न करता स्वतःचंच सांगत होता. डॉक्टरनं शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ ला, आणि एए तोच दिवस आपला स्थापनादिन मानते. ज्या पुस्तकाला तिथले लोक ‘बिग बुक’ म्हणतात ते १९३९ साली निघालं.

सगळं मला पटतं असं नाही. देवाधर्माशी माझं कधी जमलं नाही आणि बारा पायऱ्यांमध्ये ईश्वर वारंवार येतो. ‘आम्हाला जसा समजला तसा’ अशी पुस्ती जोडलेली आहे, पण पुस्ती जोडली तरी देव तो देवच. एका ओल्ड टायमरला, म्हणजे बरीच वर्षं न पिता काढलेल्या जुन्या सभासदाला, मी हे बोलून दाखवलं. “या खोलीतली वीस माणसं तुझ्या एकट्यापेक्षा जास्त ताकदीची आहेत, हे पटतं का? मग सध्या तेवढ्यावर भागव,” म्हणाले. सध्या भागवतोय. शेवटच्या प्रार्थनेला मी उभा राहतो, ओठ मिटून. आजवर कोणी त्याबद्दल विचारलेलं नाही.

मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलीला मात्र हा सगळा प्रकार भाबडा वाटायचा. पुरावा काय, असं तिचं म्हणणं. तिनंच शोधून काढलं की २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास, सुमारे साडेदहा हजार माणसं एकत्र तपासली होती आणि पूर्ण दारूबंदी टिकवण्याच्या बाबतीत एएशी जोडून घेणारे पद्धतशीर उपचार हे इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले होते. हे तिनं मला जरा नाराजीनंच सांगितलं.

सगळ्या मीटिंगा चौथी ब सारख्या नसतात. चर्चच्या हॉलमधल्या एका इंग्रजी मीटिंगला गेलो, माणसं चांगली होती, पण माझं रडं मला इंग्रजीत सांगता येईना. आणखी एका ठिकाणी एक ज्येष्ठ सभासद अर्धा तास बोलले, आणि तेही बोट दाखवून. तिथे मी परत गेलो नाही. पहिलीच मीटिंग अशी निघाली असती तर मी ‘एए बघितलं, फालतू आहे’ असं सांगत हिंडलो असतो. नव्या माणसाला मी म्हणूनच तीन-चार ठिकाणं फिरून बघायला सांगतो. बायकांचं अवघड आहे. पिणाऱ्या पुरुषाला समाज बिचारा म्हणतो, बाईला काय म्हणतो ते सांगायला नको. फक्त स्त्रियांसाठीच्या आणि ऑनलाइन मीटिंगाही चालतात, तिथे निदान गेटपाशी कोणी बघायला नसतं. काहींना मीटिंग पुरतही नाही, भरती व्हावं लागतं. आमच्याकडे पुण्याच्या मुक्तांगणमधून आलेले दोघे आहेत. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं १९८६ साली सुरू केलेलं ते केंद्र. तिथून बाहेर पडल्यावर घरी टिकून राहायला ते आमच्यात येऊन बसतात. आणि जिथे जवळपास काहीच नाही अशा गावातून निदान १४४४६ ला फोन करता येतो. व्यसनमुक्तीची ती सरकारी हेल्पलाइन फुकट आहे.

बायकोला अल्-अनॉनबद्दल मी सांगितलं तेव्हा ती भडकली. “प्यायलास तू, मीटिंगला मी जायचं?” तिचं बरोबरच होतं. अल्-अनॉन हा पिणाऱ्यांच्या घरच्यांचा वेगळा गट. बिलच्या बायकोनं, लोईसनं, तो १९५१ साली सुरू करण्यात पुढाकार घेतला. काही महिन्यांनी बायको एका मैत्रिणीच्या सोबतीनं गेली. आली ती गप्पच. रात्री म्हणाली, तिथे तीन गोष्टी सांगतात: हे तू घडवलं नाहीस, तुझ्या काबूत येणार नाही आणि तुला बरं करता येणार नाही. “त्या पुड्यांचं मी तिथे बोलले,” म्हणाली. “कोणी काही बोललं नाही.” त्यानंतर तिनं दारातच माझ्या शर्टाची कॉलर नीट करायचं सोडलं. ती कॉलर नीट करत नसे, तोंडाचा वास घेत असे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मध्ये एकदा स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलो. गेलो, सांगितलं, हाय म्हणाले, चहा दिला. न पिता काढलेल्या दिवसांची खूण म्हणून तिथे चिप, म्हणजे बिल्ला, देतात; ती पुन्हा पहिल्या दिवसाची घेतली.

सध्या चहाची सर्व्हिस, म्हणजे ग्रुपसाठी चहा करायचं काम, माझ्याकडे आहे आणि तीच मला पिण्यापेक्षा जास्त ताप देते. दारू सुटली की पहिले काही महिने गोडाची भयंकर तल्लफ येते, म्हणून नवी पोरं चहा पाकासारखा मागतात. जुन्यांपैकी निम्म्यांना शुगर. एएमध्ये अध्यक्ष नाही, साहेब नाही, कोणी हुकूम सोडत नाही. काही ठरवायचं तर ग्रुप कॉन्शन्स घ्यायचा, म्हणजे सगळ्यांनी बसून चर्चा आणि मग मतदान. साखरेवर तो घेतला गेला. प्रत्येकाला बोलायची संधी मिळाली आणि प्रत्येकानं ती घेतली. मीटिंगमध्ये कोणाला एका शब्दानं सल्ला न देणारी हीच माणसं साखर किती चमचे, आधी की नंतर, आलं किसून की ठेचून यावर तासभर एकमेकांना शिकवत होती. शेवटी चहा बिनसाखरेचा करायचा आणि डबा वेगळा ठेवायचा असं बहुमतानं ठरलं. मला नंबर देणाऱ्या काकांनी विरोधात मत दिलं आणि वहीत तशी नोंद करायला लावली.